पालथे पंधरा दिवस

नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेल्या एस.टी.त एखादा माणूस पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून, नाक जमिनीकडे करून तासन् तास बसलेला दिसला, तर तो प्यालेला आहे असे शेजारचा उतारू धरून चालतो. उमरेड मागे पडते, नागभीड येते, ब्रह्मपुरी येते, तरी मान काही वर होत नाही. मग कोणी त्याला हलवून पाहतो, कोणी खिडकीशी सरकून वारा घ्यायला सांगतो, आणि आरमोरीच्या आसपास एखादी म्हातारी 'बापू, मान तं वर कर' म्हणत त्याच्या हनुवटीला हात लावते. तो माणूस प्यालेला नसण्याचा बराच संभव आहे. त्याच्या एका डोळ्यात शस्त्रक्रियेच्या वेळी वायूचा बुडबुडा भरलेला असतो. तो बुडबुडा आत योग्य ठिकाणी टेकून राहावा म्हणून त्याला मान वर करायची बंदी केलेली असते, आणि म्हातारीचा मायेचा हात त्या घडीला त्याच्या डोळ्याचा शत्रू असतो.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक नाजूक अस्तर असते. पुस्तकी मराठीत त्याला दृष्टिपटल म्हणतात. बोलताना सगळे 'पडदा' म्हणतात. पूर्वी डॉक्टर लोक त्याची तुलना कॅमेऱ्यातल्या फिल्मशी करत. आता फिल्म पाहिलेली माणसेही कमी झाली. मला ओल आलेल्या भिंतीचा गिलावा जास्त पटतो. भिंत जागेवर असते, गिलावाही धड दिसतो, पण कुठेतरी एक बारीक चीर जाते, त्या चिरेतून पाणी मागे शिरते आणि पोपडा सुटू लागतो. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा एक पदार्थ भरलेला असतो. वय वाढले, मोठा उणे नंबर असला, मार बसला, किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली की हा पदार्थ आकसतो, पडद्याला ओढ देतो. पडदा एखाद्या ठिकाणी फाटतो आणि फाटीतून पाझरलेले पाणी त्याला भिंतीपासून सोडवत जाते. पडद्याचे बरेचसे पोषण मागच्या भिंतीतूनच होत असल्याने सुटलेला भाग उपाशी पडतो. नजर ज्यावर टिकलेली असते तो मधला पीतबिंदू सुटण्याआधी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला तर वाचण्यापुरती दृष्टी बहुधा राहते. पीतबिंदू सुटला की दिवस मोजावे लागतात, आणि पडदा बसवला तरी पूर्वीची नजर पूर्ण परत येईलच असे नसते.

या दुखण्याची सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की ते दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. अंधारात वीज चमकल्यासारखे होते, नजरेसमोर काजळीचे कण किंवा कोळिष्टके तरंगू लागतात, आणि मग एका कडेने सावली सरकत येते. पडदा वरच्या बाजूने सुटला असेल तर ही सावली खालून येते, कारण डोळ्यात चित्र उलटे पडते. दुसरा डोळा शाबूत असतो, तो सारे सांभाळून घेतो. बँकेतल्या नोकरीत गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन शाखांत माझी सात वर्षे गेली. तिथे सही जुळत नाही म्हणून काउंटरवरून परत आलेल्या पैसे काढायच्या स्लिपा माझ्या टेबलावर येत. सही रेषेवरून खाली घसरलेली, शेवटचे अक्षर कागद सोडून गेलेले. एका निवृत्त वनरक्षकाला मी सहज म्हटले, 'काका, डावा डोळा झाकून बघा बरं.' त्यांनी झाकला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. उजव्या डोळ्यात किती महिन्यांपासून अंधार होता, हे त्यांनाच ठाऊक नव्हते.

असे रुग्ण किती असतील? जगभरच्या अनुभवावरून वर्षाला साधारण दहा हजार माणसांमागे एकाचा पडदा सुटतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती. म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास माणसे. हा आकडा त्रैराशिकाचा आहे, मोजणीचा नाही. पण बँकेत आम्ही एवढ्या आधारावरसुद्धा कर्ज मंजूर करत असू. शिवाय इथली त्रैराशिके थोडी वरच सरकवायला हवीत, कारण हा जिल्हा रानात राबणाऱ्यांचा आहे. बांबू वाकवून तोडताना सुटून आलेला फोक, सरपणाची ढलपी, मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईच्या डोळ्यात गेलेली काटकी, पोरांची गलोल. असा मार बसला तरी पडदा त्याच दिवशी सुटेल असे नाही. कधी आठवड्यांनी सुटतो, कधी महिन्यांनी, आणि तोवर मार विसरलेला असतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोतीबिंदूची सोय आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र नागपूर, सेवाग्राम नाही तर सावंगी गाठावी लागते. सिरोंचाकडचा माणूस प्राणहिता ओलांडून वरंगल-हैदराबादकडे जातो. भामरागडचा माणूस आधी गडचिरोलीलाच पावणेदोनशे किलोमीटर तोडून येणार, आणि पर्लकोटेला पूर असला तर तेही नाही. या अंतरांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते परतीच्या प्रवासाबद्दल, आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला पडदा म्हणजे गेलेला डोळा, असेच समीकरण होते. रुग्णाला महिनोन् महिने अंथरुणाला खिळवून ठेवणे हाच उपचार. स्वित्झर्लंडमधील लोझान गावच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरने आग्रहाने मांडले, की पडदा फाटतो म्हणून सुटतो. ती फाट शोधून बुजवली तर तो परत बसेल. फाटीची जागा हुडकून तो तिथे तापलेल्या सुईचा डाग देई. आपल्याकडे डागण्या देणारे वैदू होते, त्यांना ही कल्पना आवडली असती! गोनँला वर्षानुवर्षे कोणी मानले नाही. १९२९ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत त्याचे म्हणणे मान्य झाले. १९३५ मध्ये तो वारला. पुढे १९४९ पासून डोळ्याला बाहेरून पट्टा लावून भिंतच पडद्याकडे दाबण्याची रीत आली, आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे रॉबर्ट मॅकेमर याने डोळ्याच्या आतली जेली बारीक यंत्राने काढून घेण्याची शस्त्रक्रिया सुरू केली.

या इतिहासात परिचारिकेचे नाव कुठे येत नाही, पण काम सगळीकडे आहे. जुन्या काळी शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कित्येक दिवस उताणे निश्चल पडणे. घास भरवणे, बेडपॅन देणे, पाठ पुसणे, पडून पडून फोड येऊ न देणे, आणि अंधारात आठवडे काढणारा माणूस भ्रमिष्ट होऊ लागला तर त्याच्याशी बोलत बसणे, हे सारे तिचे. नवी तंत्रे आली, माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून घरी जाऊ लागला. वाटले, शुश्रूषेचा हा भाग संपला. मग डोळ्यात वायू भरण्याची पद्धत रुळली आणि शरीराची ठेवण परत महत्त्वाची झाली. फरक एवढाच, की या वेळी रुग्ण वॉर्डात नव्हता. तो घरी होता, आणि परिचारिकेचे काम त्याच्या बायकोकडे, सुनेकडे किंवा नवव्या इयत्तेतल्या मुलीकडे गेले होते, तेही न सांगता.

बुडबुड्याचे शास्त्र साधे आहे. वायू हलका, तो वर जातो. डोळ्यातली फाट ज्या जागी आहे ती जागा सगळ्यांत वर येईल अशी मान ठेवली, की बुडबुडा तिथे जाऊन टेकतो आणि लेझरचा किंवा गोठवण्याचा डाग पक्का होईपर्यंत फाट दाबून धरतो. फाट मागे असेल तर माणसाला पालथे व्हावे लागते. बाजूला असेल तर कुशीवर भागते. एक प्रकारचा वायू दोनेक आठवड्यांत विरतो, दुसरा सहा ते आठ आठवडे राहतो. पालथे राहण्याच्या काळाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही; कोणी तीन दिवस सांगतो, कोणी आठ, कोणी पंधरा. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, पीतबिंदू सुटलेल्या रुग्णांना पहिले चोवीस तास पालथे ठेवल्यास पडदा बसताना कमी सरकतो, असे दिसले. म्हणजे सर्वांत मोलाचे तास शस्त्रक्रियेला लागूनच आहेत, आणि नेमक्या त्या तासांत गुंगी असते, मळमळ असते, नातेवाईक औषधांच्या दुकानासमोर रांगेत असतात.

यात एक मेख आहे. शस्त्रक्रियेच्या आधी, पडदा आणखी सुटू नये म्हणून सुटलेली बाजू खाली राहील असे झोपवतात. शस्त्रक्रियेनंतर बुडबुडा असला की फाट वर आणायची. काल सिस्टरने उजव्या कुशीवर झोपा म्हणून दटावले, आज दुसरी सिस्टर उजव्या कुशीवर का झोपलात म्हणून रागावते. दोघींचेही बरोबर असते. पण का ते दोघींनीही सांगितलेले नसते, आणि खेड्यातून आलेला माणूस मनाशी ठरवतो की यांनाच काही कळत नाही.

हे मी कॉटवरून पाहिले आहे. लहानपणापासून माझा नंबर उणे नऊ. २०१६ च्या जूनमध्ये उजव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि नागपूरच्या एका रुग्णालयात आठ दिवस काढले. शेजारच्या कॉटवर एटापल्ली तालुक्यातला एक तिशीतला गडी होता. बांबूचा फोक लागून त्याचा डोळा गेला होता, म्हणजे जाण्याच्या बेतात होता. सोबत बायको. घरी दोघे माडिया बोलत. तिला कामापुरती मराठी येई, त्याला तिच्याहून कमी. सुटी देताना आम्हा दोघांच्या हातात एकच पत्रक ठेवले गेले. गुळगुळीत कागद, दोन रंगांत छपाई, पालथ्या माणसाचे चित्र, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. चित्रातला माणूस ज्या खुर्चीवर पालथा बसला होता तसली खुर्ची मी माझ्या नोकरीत विभागीय कार्यालयातही पाहिली नाही.

त्या वॉर्डात एक मध्यमवयीन केरळी सिस्टर होत्या. त्यांची ड्यूटी संपली होती. त्यांनी त्या बाईला बाहेरच्या बाकावर बसवले, पाण्याची अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली आडवी धरली आणि आतला हवेचा फुगा दाखवला. बाटली उभी केली, फुगा वर गेला. उलटी केली, परत वर गेला. मग बाटलीच्या बुडाला पेनने एक ठिपका काढून म्हणाल्या, 'हा दादाचा डोळ्याचा भोक. फुगा इथे पाहिजे. आता तू धर.' बाईने बाटली हातात घेतली, दोनदा फिरवली आणि बूड वर येईल अशी धरली. नवऱ्याकडे वळून ती माडियात बराच वेळ बोलली. मग मराठीत सिस्टरला म्हणाली, 'समजलं बाई. त्याले खालीच पाहून ठेवतो.' तीन मिनिटे लागली असतील. माझी बायको एम.ए. आहे, तिनेही ती बाटली मागून घेतली.

पालथे राहणे ऐकायला सोपे आहे. तासातली पन्नास मिनिटे मान खाली आणि दहा मिनिटे मोकळीक, असा हिशेब आम्हाला दिलेला होता. पहिल्या दिवशी मान दुखते, दुसऱ्या दिवशी कंबर. तिसऱ्या दिवशी कोपरे सोलवटतात आणि करंगळीला मुंग्या येतात, कारण कोपरावर भार देऊन तिथली नस दाबली जाते. नाक चोंदते, चेहरा सुजतो. जेवण मांडीवरच्या ताटात, पाणी नळीने. शौचाला कुंथायचे नाही, म्हणून जेवणात पालेभाजी आणि पाणी भरपूर. पायांत रक्त साखळू नये म्हणून घोटे हलवत राहायचे. या प्रत्येक गोष्टीला साधा इलाज आहे: कोपराखाली घडी, छातीखाली उशी, कपाळाला आधार, डोळ्यावर दाब नाही. पण तो कोणीतरी करायचा असतो, दिवसातून वीस वेळा, न चिडता. शिवाय आपल्या भागात खर्रा. मान खाली घालून खर्रा खाता येत नाही आणि थुंकता तर मुळीच येत नाही, म्हणून माणूस दर अर्ध्या तासाने उठून बसतो. शेजारच्याच्या बायकोने त्याची खऱ्याची पन्नी पहिल्याच रात्री कमरेला खोचली ती परत दिली नाही.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेलो. तिथे जे पाहिले ते कुठल्या पत्रकात नाही. तिने घरची सुतळीची बाज घेऊन डोक्याकडच्या दोऱ्या सैल केल्या होत्या आणि चेहरा मावेल एवढी फट पाडून तिच्या कडेने जुन्या लुगड्याचे वेटोळे शिवले होते. नवरा पालथा झोपे, कपाळ आणि गाल वेटोळ्यावर, डोळे-नाक फटीत मोकळे. खाली जमिनीवर चटई टाकून त्यांची पाच वर्षांची मुलगी उताणी पडे आणि बापाशी गप्पा मारी. दहा दिवस तो मुलीचे तोंड पाहत झोपला. शहरात मालिशवाल्यांकडे चेहऱ्याला भोक असलेले टेबल असते, ते या बाईने पाहिलेले नव्हते. गावात त्या वेळी रोवणी चालू होती. ती म्हणाली, आम्ही बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान खाली घालून रोवतो, याले दहा दिवस काय होते?

तिची लढाई नवऱ्याशी नव्हती, ती सासूशी होती. सासूच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपूर्वी शिबिरात झालेली. तेव्हा उताणे पडून राहा, डोके हलवू नका, असेच सांगत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, तेव्हापासून खेडोपाडी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे मोतीबिंदू हेच लोकांना ठाऊक. हिरवी झापड, काळा चष्मा आणि उताणी झोप. त्या शिबिरांनी लाखोंना दृष्टी दिली. पण त्यांचीच शिकवण पडद्याच्या रुग्णाला उलटी पडते. वायू असलेला माणूस उताणा झोपला की बुडबुडा पुढे येऊन भिंगाला टेकतो आणि मोतीबिंदू लवकर धरतो. डोळ्यातला दाबही वाढू शकतो. म्हणून घरी पाठवताना केवळ सोबतच्या बाईला शिकवून पुरत नाही. घरातल्या म्हातारीपर्यंत तो निरोप गेला पाहिजे.

आणखी काही गोष्टी घरी कळायला हव्यात. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत थेंब टाकायचा, बाटलीचे टोक पापणीला लावायचे नाही, दोन औषधांत पाच मिनिटे सोडायची. स्टेरॉइडचे थेंब बरे वाटले म्हणून एकदम थांबवायचे नाहीत. थोडी खुपखुप राहते, ती चालते. पण दुखणे वाढत गेले, ओकाऱ्या होऊ लागल्या, पू आला किंवा नजर अचानक मंदावली तर सकाळची वाट पाहायची नाही, निघायचे. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानात बसायचे नाही, कारण उंचीवर हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो आणि डोळा आतून दाबून टाकतो. नागपूर-गडचिरोली रस्त्याला घाट नाही हे नशीब. कोणी म्हणेल, आमचा आदिवासी माणूस कशाला विमानात बसतो? पण याच जिल्ह्यात पुराच्या दिवसांत अडलेल्या रुग्णांना हेलिकॉप्टरने हलवण्याची वेळ येते. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची झाली तर नायट्रस ऑक्साइड हा वायूही अशा रुग्णाला चालत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी मनगटावर पट्टी बांधतात: या डोळ्यात वायू आहे. ती पट्टी मराठीत असावी असे मला वाटते. हेलिकॉप्टरमध्ये चढवणारा माणूस मराठी वाचणारा असतो.

गडचिरोलीसाठी आणखी एक नोंद लागते ती सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आजार घरोघरी ओळखीचा आहे. यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. डोळ्याच्या कडेच्या वाहिन्या बंद पडल्या तर तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि त्यांच्या ओढीनेही पडदा सुटू शकतो. अशा रुग्णाची शुश्रूषा वेगळी. शरीरातले पाणी कमी होता कामा नये, थंडी वाजता कामा नये, प्राणवायू कमी पडता कामा नये. डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी सर्रास दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी त्याला बाधू शकते. मार लागून डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचले असेल तर, एरवी धडधाकट असलेला नुसता वाहकसुद्धा धोक्यात येतो. हे सारे टळते ते सिस्टरने भरतीच्या वेळी विचारलेल्या एका प्रश्नाने: घरात कोणाला सिकलसेल आहे का? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासणीची कार्डे वाटली गेली. ती कार्डे नागपूरला जाताना ट्रंकेत राहतात.

तान्ह्या मुलांचाही पडदा सुटतो, हे पुष्कळांना माहीत नसते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, वजनाने दोन किलोंच्या आतल्या बाळाच्या पडद्यावरच्या वाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात. प्राणवायू बेहिशेबी दिला गेला तर त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि काही आठवड्यांत पडदा ओढून सोडवतात. जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळे तपासले तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेकांची दृष्टी वाचते; त्यानंतर वाट कठीण. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी तपासणी न झाल्याने आंधळ्या झालेल्या तामिळनाडूतल्या एका मुलीला १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली. इथेही पहारा परिचारिकेचाच: प्राणवायूच्या काट्यावर नजर, आणि आईच्या कार्डावर तिसाव्या दिवसाची तारीख.

आता कोणी म्हणेल, हे सगळे खेड्यातल्या अडाणी बायांना शिकवणार कोण? गडचिरोलीत तरी हा प्रश्न विचारू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने याच जिल्ह्यात गावच्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ लावलेले साधन केले, कारण अंक न येणाऱ्या सुइणींनाही मणी सरकवता येत होते. ३९ गावांतल्या या कामाचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या हेच काम करतात. जी बाई एवढ्याशा बाळाचा न्यूमोनिया ओळखते ती पालथ्या माणसाची मान बघू शकणार नाही? बाळंतिणीच्या घरी तिच्या ठरलेल्या फेऱ्या होतातच. पडद्याचा रुग्ण गावात परतला की त्याच्या घरी चार फेऱ्या, आणि एरवी कोणी 'नजरेपुढे सावली येते' म्हणाले की एक डोळा झाकून दुसऱ्याने बघायला लावणे, एवढीच भर तिच्या कामात घालायची आहे. अर्थात तिच्या कामात भर घालताना मानधनातही घालावी, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. फुकटच्या खात्यावर कोणी व्याज देत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि पडद्याच्या शस्त्रक्रियाही तिच्यात बसतात. ही मोठी गोष्ट आहे. आमच्या काळी लोक डोरले मोडून नागपूरला जात, आणि सोनेतारणाच्या अर्जात हेतूच्या रकान्यात आम्ही 'वैद्यकीय' असा एक शब्द लिहून मोकळे होत असू. पण योजनेचा पैसा टेबलावरच्या दोन तासांचा आहे. पुढच्या पंधरा दिवसांत दोन माणसांची मजुरी बुडते, एकाची डोळ्यामुळे आणि एकीची सेवेमुळे. त्यात रोवणी असते, किंवा मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम, ज्याच्या कमाईवर घराचे वर्षाचे मीठमिरची ठरते. बाई फडीवर गेली नाही तर फडमुन्शी तिच्या नावापुढे पुडे लिहीत नाही. मग बाई जाते, आणि घरी पालथा पडलेला माणूस एकटा, कंटाळून, उताणा होतो. याला रुग्णाची बेफिकिरी म्हणणारे शेरे मी केसपेपरवर वाचले आहेत. नागपुरात रुग्णालयालगत आठ दिवस पालथे राहता येईल अशी धर्मशाळेची खोली, दोन वेळचे जेवण आणि सोबतच्या माणसाची रोजंदारी दिली, तर तो खर्च वाया गेलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमीच येईल.

काही डोळ्यांत वायूऐवजी सिलिकॉन तेल भरतात. लांब राहणाऱ्या रुग्णाला ते सोयीचे, कारण ते विरत नाही, विमानाची अडचण नाही, आणि मान थोडी चुकली तरी सांभाळून घेते. पण ते बहुधा तीन ते सहा महिन्यांनी काढावे लागते. राहिले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, पुढचे बुबुळ पांढुरके पडते. आणि तेल काढायला पुष्कळ जण येतच नाहीत. डोळा दुखत नसतो, थोडे दिसतही असते, मग परत नागपूर कशाला? शेजारच्या गड्याला तेल नव्हते, मला होते. माझी तारीख लिहिताना त्या केरळी सिस्टरनी कॅलेंडर पाहिले, दिवाळीआधीचा सोमवार सोडला आणि त्यापुढचा धरला. माझ्यामागे एक चामोर्शीकडचा म्हातारा उभा होता, त्यालाही तेल. त्याला त्यांनी विचारले, 'बाबा, तुमचा धान कधी कापणार?' म्हाताऱ्याने बोटांवर हिशेब केला, हलके धान आधी, भारी धान नंतर, मग मळणी, आणि डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितला. सिस्टरनी तीच तारीख लिहिली, आणि खाली त्याच्या मुलाचा फोन नंबर.